वेळेआधीची झीज

गाडीचं पुढचं डावं चाक गरम लागलं, तेव्हा चूकभूलांना पहिली शंका आली ती स्वतःच्या हाताची.

शंका घेणं हे त्यांचं कामच होतं. उभं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेलं. एकच पान पुन्हा पुन्हा वाचायचं, आणि तरीही छपाईला सोडताना हात आखडायचा. छापखान्यातल्या मंडळींनी त्यांचं नाव 'चूकभूल' ठेवलं, ते त्यांच्या मागोमाग घरी आलं आणि घरातच राहिलं. ते निवृत्त झाले, नाव काही निवृत्त झालं नाही. लेक लाडात असली की 'काय चूकभूलसाहेब' म्हणायची. बायको रागात असली की.

त्या संध्याकाळी लेक नुकतीच कामावरून आली होती. गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी करून, किल्ली खुंटीला अडकवून ती हातपाय धुवायला गेली, आणि चूकभूल सवयीप्रमाणे गाडीभोवती एक फेरी मारायला बाहेर आले. उजव्या चाकापाशी त्यांनी पालथा हात नेला. कोमट. डाव्यापाशी नेला आणि झटकन मागे घेतला. पुन्हा उजवं, पुन्हा डावं. मग आत जाऊन हात धुतले, पुसले, आणि परत येऊन तिसऱ्यांदा. डावं चाक तव्यासारखं तापलं होतं. त्यातून एक वास येत होता; इस्त्री कापडावर जरा जास्त वेळ राहिली की येतो, तसा.

त्यांचं घर टेकडीच्या अंगावर होतं. दारासमोरची गल्ली सरळ खाली उतरून मोठ्या रस्त्याला मिळायची. मोठा रस्ता वळणं घेत टेकडी चढायचा आणि तशीच वळणं घेत पलीकडच्या गावात उतरायचा. त्या गावातल्या रुग्णालयात लेक रक्ततपासणीच्या विभागात होती. पूर्वी रुग्णालयाची बस यायची. ती बंद झाली, आणि घरातली जुनी गाडी लेकीच्या हाती आली.

आईला ते पसंत नव्हतं. तिनं एकदाच म्हटलं, "ती वळणं बघितली आहेस का तू?"

"आई, वळणं बघूनच गाडी चालवतात," लेक म्हणाली.

घरातल्या बाकीच्या दोघांना वाटलं, विषय मिटला.

गाडीच्या बाबतीत आई तशी घरातल्या थट्टेचाच विषय होती. तिला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. पण चूकभूल चालवायचे तेव्हा ती डाव्या बाजूला बसायची, आणि समोर काहीही दिसलं, सायकल, कुत्रं, लांबवरचा लाल दिवा, की तिचा उजवा पाय पायाखालच्या रबरी चटईवर दाबला जायचा. नुसता चवडा. टाच वर उचललेली, बोटं आवळलेली. तिथे ना पेडल, ना काही. वर्षानुवर्षं दाबून चटईचा तेवढाच भाग झिजून पातळ झाला होता, आणि लेकीनं त्याला नाव दिलं होतं, 'आईचा ब्रेक'. "बाबांचा ब्रेक गाडीला लागतो, आईचा बाबांना," असं ती पाहुण्यांना सांगायची. आई हसायची, आणि पुढच्या वळणावर परत दाबायची.

दुसऱ्या दिवशी चूकभूलांनी गाडी खालच्या गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्यानं चाक काढलं, आत डोकावला, आणि दोन्ही पॅड काढून त्यांच्या हातावर ठेवले. ब्रेक दाबला की चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या त्या पट्ट्या. नव्या असताना त्यांवर बोटभर जाड थर असतो. या पार लोखंडाला टेकल्या होत्या.

"काका, हे पॅड मीच घातलेत ना? आत्ता तर घातले."

"तुम्हीच घातलेत."

"मग ही वेळेआधीची झीज झाली. तुमच्याकडे कोणीतरी सारखा ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतंय."

"पण उजव्या चाकाचे पॅड ठीक आहेत. पाय दोन्ही चाकांना लागायला हवा ना?"

गॅरेजवाल्यानं मान खाजवली. "मग डावीकडे काहीतरी अडकतंय," तो म्हणाला, आणि त्यानं अडकण्यासारखं जे जे होतं ते बदललं. पिना बदलल्या, तेलाची नळी बदलली, शेवटी पॅडना चिमटीत धरणारा सगळा सांगाडाच, कॅलिपर, नवा टाकला.

रात्री जेवताना चूकभूलांनी विषय काढला, तो जरा भीत भीतच. "तो म्हणतो, कोणीतरी सारखा पाय ठेवतंय."

"मी?" लेकीनं घास खाली ठेवला. "बाबा, उतारावर मी गिअरवर गाडी उतरवते. तुम्हीच शिकवलंय. त्याला म्हणावं, ये एकदा बाजूला बसायला."

"नको, बाजूला कोणी बसायला नको," आई म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि वाढायला उठली. उठताना तिनं टेबलाच्या कडेला धरलं.

नव्या सगळ्या सामानासकट तेच झालं. पावसाळा सरून थंडी लागायच्या आत डावं चाक किंचाळू लागलं, आणि पॅड पुन्हा लोखंडाला टेकले. उजवे होते तसेच.

तेव्हा चूकभूलांनी ठरवलं की हे काम आता स्वतः करायचं. त्यांचा कोणावर अविश्वास होता असं नाही. पण दुसऱ्यानं तपासलेलं मुद्रित त्यांना आयुष्यात कधी पुरेसं वाटलं नव्हतं. त्यांनी वाचनालयातून गाडीदुरुस्तीचं पुस्तक आणलं, ब्रेकचं प्रकरण पेन्सिल घेऊन वाचलं, त्यात छपाईच्या दोन चुका सापडल्या त्या समासात नोंदवल्या, आणि मग जॅक, पाना आणि स्क्रूनं आवळायचा सी-क्लॅम्प मांडून शेडमध्ये बसले.

बायको खिडकीतून बघत होती. शेडला लागूनच मधली खोली होती. तिच्या खिडकीपाशी तिची खुर्ची असायची आणि मांडीवर विणकाम.

"अहो, छापखान्यात एखादं अक्षर चुकलं तर शुद्धिपत्र लावता येतं. गाडीला काय लावणार?"

"तू लोकर सांभाळ. टाके सुटतील."

"आणि मला पेडलवर बसवायचं नाही हं. दाब म्हटलं की दाब, सोड म्हटलं की सोड. मागच्या वेळी माझा पाय भरून आला होता."

ती जुनी गोष्ट होती. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की एकानं पेडलवर बसावं लागतं आणि दुसऱ्यानं चाकापाशी. चाकापाशी बसलेला ओरडतो, "दाब!" मग तेलाबरोबर हवा बाहेर येते. मग, "सोड!" आणि हवा संपेपर्यंत पुन्हा तेच. त्या दिवशी चूकभूलांचं काम इतकं लांबलं होतं की बायको रात्री झोपेतसुद्धा हुकूम ऐकायची. एकदा कूस बदलताना ते झोपेत काहीतरी पुटपुटले, 'सोड' असंच काहीतरी, आणि तिनं अंगावरची चादर सोडून दिली होती. लेकीनं तो किस्सा किती दिवस पुरवला होता.

पहिल्या खेपेचं काम मात्र निर्विघ्न झालं. चूकभूलांनी चाक उतरवलं, कॅलिपर वर उचलून तारेनं बांधला, जुने पॅड काढले, नवे बसवले. शेवटी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पेडल कडक होईपर्यंत दाबून घेतलं. गल्लीतून एक चक्कर मारून आले तेव्हा त्यांची छाती जरा पुढे आलेली होती.

थोड्याच दिवसांनी लेक संध्याकाळी घरी आली ती चप्पल न काढता आत येऊन बसली.

"काय झालं गं?"

"पाणी द्या आधी."

ती पाणी प्यायली. मग हलक्या आवाजात सांगितलं. उतारावर, मोठ्या वळणाच्या जरा अलीकडे, समोर रस्ता मोकळा. तिचा पाय ब्रेकवर नव्हता. आणि गाडी आपोआप अडली. डावीकडे ओढली गेली, कोणी चाक धरून ठेवावं तशी. मागून टँकर येत होता. तो भोंगा वाजवत, चाकं घासत, अगदी काचेपाशी येऊन थांबला.

"मी आरशात बघितलं तर नुसती त्याची जाळी दिसत होती, बाबा. आरसाभर."

"किती वाजता?" हा प्रश्न आईनं विचारला.

"किती वाजता म्हणजे? येतानाच. आत्ता."

आई खुर्चीतच होती. तिनं विणकाम गोळा केलं. "मला मघाशी डुलकी लागली होती," ती म्हणाली. "कोणीतरी आडवं आलं असं वाटलं आणि दचकून जागी झाले." मग हसली. "म्हातारपण, दुसरं काय."

चूकभूल हसले नाहीत. त्यांना त्या दोन वाक्यांच्या मध्ये काहीतरी गळल्यासारखं वाटलं. एखाद्या ओळीतला शब्द जुळणी करताना गळतो आणि ओळ तरीही वाचता येते, तसं.

दुसऱ्या दिवशी लेकीला त्यांनी मैत्रिणीच्या गाडीतून जायला सांगितलं आणि दुपारी स्वतःची गाडी जॅकवर घेतली. लख्ख ऊन होतं. शेडच्या पत्र्यावर एक खार पळत होती, तिचा खडखडाट तेवढा यायचा. चाक उतरवलं. पॅड अर्धे गेले होते. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि सी-क्लॅम्पनं कॅलिपरमधला पिस्टन आत दाबायला घेतला. पिस्टन म्हणजे तेलाच्या जोरावर पॅडला डिस्कवर रेटणारा धातूचा गोल दट्ट्या. नवे जाड पॅड बसवायचे तर तो आधी पूर्ण आत ढकलावा लागतो. चूकभूलांनी तो आत ढकलला, कडेशी अगदी सपाट केला, क्लॅम्प काढला आणि फडकं घ्यायला वळले.

परत वळले तेव्हा पिस्टन पेराएवढा बाहेर होता.

त्यांनी स्वतःला विचारलं, मी दाबला होता का? दाबला असावा. नसेलही. त्यांनी पुन्हा क्लॅम्प लावला, पुन्हा दाबला, क्लॅम्प काढला आणि या वेळी नजर हलवली नाही.

पिस्टन तसाच. आत.

त्यांना स्वतःचं हसू आलं. त्यांनी घाम पुसला.

आणि पिस्टन हलला. झटका नाही, आवाज नाही. कडेशी एक चकचकीत वर्तुळ उमटलं आणि ते हळूहळू जाड होत गेलं. कोणीतरी पेडल अगदी सावकाश दाबत होतं.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडंच होतं. चूकभूलांनी वाकून आत बघितलं. आत कोणी नव्हतं. पेडल जागच्या जागी उभं होतं, जरासुद्धा खाली गेलेलं नव्हतं. त्यावर उन्हाचा एक पट्टा पडला होता आणि त्यातली धूळसुद्धा हललेली नव्हती.

मग, का कोण जाणे, त्यांनी खिडकीकडे मान वळवली.

बायको खुर्चीत होती. विणकाम मांडीवर, मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले. खिडकी खालपर्यंत उघडी असल्यानं तिचे पाय दिसत होते. डावा पाय सैल होता. उजव्या पायाची टाच उचललेली होती आणि चवडा फरशीवर दाबलेला. इतका, की बोटांची नखं पांढरी पडली होती आणि पोटरीची शीर वर आली होती.

तिनं झोपेत सुस्कारा सोडला. टाच खाली आली. पिस्टन थांबला.

मग चूकभूलांनी पिस्टन पुन्हा आत दाबला. क्लॅम्प काढून खाली ठेवताना तो हातातून निसटून फरशीवर आपटला आणि बायको जागी झाली.

"काय पाडलंत?"

"काही नाही." आता जे बोलणार होते ते खोटं होतं, आणि बायकोशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "अगं... पोरीचा फोन आला होता."

"कधी?"

"तू झोपली होतीस तेव्हा. लवकर निघाली म्हणे. उतारावर धुकं आहे म्हणाली."

"धुकं?" बायको म्हणाली. "या उन्हात?"

"तिकडे असेल."

बायकोनं सुया उचलल्या. चेहऱ्यावर काहीच फरक पडला नाही. टाके मोजत तिची बोटं चालू लागली. पण खाली, फरशीवर, टाच उचलली गेली.

पिस्टन बाहेर येऊ लागला.

पेरभर. दोन पेरं. अजून थोडा आला असता तर पूर्ण निसटून पडला असता आणि सगळं तेल जमिनीवर आलं असतं. चूकभूलांच्या तोंडून ते आपसूक निघालं, जुन्या सवयीनं, मोठ्यानं:

"सोड!"

खिडकीत टाच टेकली. पिस्टन थांबला.

"मला काही म्हणालात का?" बायकोनं विचारलं. सुया चालूच होत्या.

"नाही," चूकभूल म्हणाले. "गाडीला म्हणालो."

नवे पॅड त्यांनी बसवले, पण हे कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय, आणि कोणत्या शब्दांत? ते रात्रभर वाक्य जुळवत राहिले आणि प्रत्येक वाक्य खोडत राहिले. लेकीला सांगावं तर ती हसेल, नाहीतर त्याहून वाईट, हसणार नाही. बायकोला सांगावं तर तिला कळेल की तो टँकर कोणामुळे काचेपर्यंत आला. ते तिला कळता कामा नये, एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सकाळी त्यांनी माळ्यावरून एक बुटकं स्टूल काढलं. त्यावर कापसाची जाड उशी ठेवली आणि ते बायकोच्या खुर्चीपुढे सरकवलं.

"हे काय नवीन?"

"तुझे पाय सुजतात. वर घेऊन बसत जा. विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी."

"सकाळी आणि संध्याकाळीच सुजतात वाटतं? डॉक्टर झालात की काय!"

"पुस्तकात वाचलं."

"मग झालंच," बायको म्हणाली, पण तिनं पाय वर घेतले. तिला ते बरं वाटलं असावं. चूकभूलांचा हिशेब साधा होता. फरशी कडक असते, तिथे दाब देता येतो. कापसात पाय नुसता बुडेल. मऊ उशीवर काय ब्रेक लागणार?

लेकीची जायची आणि यायची वेळ झाली की ते स्वतः खुर्चीशेजारी बसू लागले. काहीतरी वाचून दाखवायचे. बायको पाय उशीवर ठेवून ऐकायची, मध्येच डोळे मिटायची. उशीत चवड्याचा खळगा पडलेला दिसायचा. पडेना का, ते मनात म्हणायचे.

आणि गाडी सुधारली. डावीकडे ओढणं थांबलं, किंचाळणं थांबलं. लेक खूश होती. "काय चूकभूलसाहेब, जादू केलीत. आता जरा पाय टेकवला की गाडी थांबते. टेकवायच्या आधीच थांबते म्हणा ना!" संध्याकाळी ते पालथा हात चाकाला लावून बघायचे. डावं गार, उजवंही गार. सबंध टेकडी उतरून आलेली चाकं गार कशी, हा प्रश्न त्यांच्या मनात डोकावला. पण थंडीचे दिवस होते, वारा होता. गार राहत असतील. एकदाचं काहीतरी बिनचूक झालं होतं. त्यांना ते पुन्हा तपासायचं धाडस झालं नाही.

बायको लंगडू लागली ती त्याच सुमारास. आधी उठताना भिंतीचा आधार, मग चालताना. अंगानंही उतरली. ब्लाउज खांद्यावरून घसरायचे, ते ती आतून टीप घालून आवळायची. शेवटी तिला डॉक्टरांकडे न्यावं लागलं. डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांची क्ष-किरण छायाचित्रं उजेडाच्या काचेवर शेजारी शेजारी लावली.

"हा डावा. वयाच्या मानानं उत्तम. आणि हा उजवा." त्यांनी पेनानं दाखवलं. "वाटी पार झिजलीय. हाडाला हाड टेकलंय."

"वयामुळे?" चूकभूलांनी विचारलं.

"वय काय एकाच पायाला होतं का?" डॉक्टर म्हणाले. "ही वेळेआधीची झीज आहे. बाई, तुम्ही या पायानं सारखं काही दाबून धरता का? शिलाई मशीन वगैरे?"

"छे हो," बायको म्हणाली. "उलट हल्ली हे मला पाय खाली ठेवूच देत नाहीत."

चूकभूल दिव्याच्या काचेकडे बघत राहिले. परत येताना रिक्षात बायकोनं त्यांचा हात धरला, आणि रिक्षा प्रत्येक वळणावर हळू झाली तशी तिची बोटं आवळत गेली.

लेकीच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांनी गाडी पुन्हा जॅकवर घेतली. कारण काही नव्हतं. गाडीत दोष नव्हता. तेवढ्यासाठीच घेतली.

डावं चाक निघालं. ते खाली वाकले आणि आधी त्यांना पॅडच्या कडेवरची अक्षरं दिसली. नव्या पॅडवर कारखान्याचे पांढरे आकडे आणि अक्षरं छापलेली असतात. ब्रेकच्या उष्णतेनं आणि काळ्या भुकटीनं ती लवकरच पुसून जातात. ही वाचता येत होती. सगळी, शेवटच्या टिंबापर्यंत. थराची जाडी नव्यासारखी होती.

मग त्यांनी डिस्कवर बोट फिरवलं.

रोज चालणाऱ्या गाडीची डिस्क आरशासारखी असते. प्रत्येक ब्रेकला पॅड तिला घासून लखलखीत ठेवतात. ही तांबूस होती. कडेपासून मध्यापर्यंत, पुढून आणि मागून, गंजाचा एकसारखा पातळ थर. त्यावर एक ओरखडाही नव्हता. पॅड तिला एकदासुद्धा लागले नव्हते.

त्यांनी उजवं चाक काढलं. तिथलीही डिस्क तशीच तांबूस.

मग ते ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि पेडल दाबलं. पेडल कडक होतं, जसं असावं तसं. कदाचित काल चाकं धुतली म्हणून गंज आला असेल. कदाचित दमट हवेनं. पुस्तकात तसंही लिहिलं होतं, ओली डिस्क एका रात्रीत गंजते म्हणून. चाकं कोणी धुतली होती? आपण धुतली का? त्यांना आठवेना. त्यांनी चाकं परत बसवली, नट आवळले, जॅक उतरवला. लेकीला गाडी देऊ नये, एवढं त्यांनी ठरवलं. का ते कसं सांगायचं, हे अजून जुळत नव्हतं. हात धुवायला ते आत गेले.

मधल्या खोलीत वास होता; वाचून दाखवताना यायचा तोच, आणि दर वेळी त्यांनी तो इस्त्रीवर ढकललेला.

"इस्त्री चालू राहिलीय का?"

"इस्त्री कपाटात आहे," बायको म्हणाली. ती खुर्चीत मान मागे टाकून पडली होती. पाय स्टुलावर. "मला पण येतो तो वास अधूनमधून. सकाळ-संध्याकाळ."

चूकभूल स्टुलापाशी खाली बसले. त्यांनी तिचा उजवा पाय अलगद बाजूला केला.

उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर तांबूस डाग होता. इस्त्री राहून गेल्यावर पडतो तसा. मध्ये गडद, कडेला फिकट. पाच बोटं आणि त्यांच्यामागचा रुंद भाग. टाच नव्हती. नुसता चवडा.

त्यांनी डागावर हात ठेवला. उशी गार होती. आज सुट्टी होती. गाडी कुठे गेली नव्हती.

बाहेर खुंटीवरची किल्ली वाजली.

"बाबा, चाकं लावलीत ना? मी खाली दुकानापर्यंत जाऊन येते!"

"थांब! अगं, थांब!" ते ओरडले, उठायला गेले, पण उकिडवं बसून गुडघे धरले होते. शेडमध्ये इंजिन सुरू झालं. काचा बंद असाव्यात. फाटकातून गाडी बाहेर पडल्याचा आवाज आला, आणि मग चाकं गल्लीच्या उतारावर लागल्याचा.

"कुठे निघाली?" बायकोनं विचारलं. डोळे मिटलेलेच होते.

तिचा पाय उशीवर परत आला होता. टाच उचलली गेली.

चूकभूलांनी तिचा चवडा धरला. तो आधी कोमट होता. मग गरम झाला. मग त्यांना हात ठेववेना, तरी त्यांनी ठेवला.

बायकोच्या कपाळावर घाम आला. "अहो," ती म्हणाली, "पाय भाजतोय हो माझा."

एकच शब्द पुरेसा होता. जागेपणी, झोपेत, केव्हाही ती तो ऐकायची. तो त्यांच्या ओठांवर आला होता.

खाली मोठ्या रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजला. लांबलचक.

चूकभूलांनी तोंड मिटलं. दुसरा हातही त्यांनी बायकोच्या पायावर ठेवला, आणि सगळा भार देऊन तो पाय उशीत खाली दाबून धरला.